लिफ्टमास्तरांची डावी किडनी

चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोक सहसा नावानं ओळखत नाहीत. लिफ्ट चालू असते तेव्हा त्याची आठवण कुणाला येत नाही, आणि बंद पडते तेव्हा नाव विचारायला कुणाला सवड नसते. या माणसाला मात्र निदान एक टोपणनाव मिळालं होतं. सहा जणांच्या लिफ्टमध्ये सातवा शिरला की तो त्याला बाहेर काढायचा, दारात पाय घालून गप्पा मारणाऱ्या बाईला तिथल्या तिथे समज द्यायचा, आणि एकच बटण पाच वेळा दाबणाऱ्याला म्हणायचा, "पहिल्या वेळीच ऐकू आलंय तिला." म्हणून लोक त्याला लिफ्टमास्तर म्हणू लागले. पुढे नावातली लिफ्ट गळली आणि नुसतं मास्तर उरलं.

मास्तरांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे आपोआप बरा झालेला बिघाड. सोमवारी झटका देणारी लिफ्ट मंगळवारी लोण्यासारखी चालू लागली की बिल्डिंगचे सेक्रेटरी खूष व्हायचे आणि मास्तर अस्वस्थ. "चालतेय की हो आता," सेक्रेटरी म्हणायचे. "चालतेय म्हणूनच बंद ठेवतोय," असं म्हणून मास्तर पाटी लावायचे आणि गच्चीवरच्या मशीनरूममध्ये निघून जायचे. बिघाड जात नसतो, तो लपतो, असं त्यांचं ठाम मत होतं. हाताखाली आलेल्या प्रत्येकाला त्यांनी ते इतक्या वेळा ऐकवलं होतं, की ते तोंड उघडायच्या आधीच मुलं वाक्य पूर्ण करायची.

अशा माणसाला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, एका सकाळी, लघवी लालसर झाली. दुखलं नाही, खुपलं नाही. मास्तरांनी क्षणभर पाहिलं आणि पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मात्र सगळं स्वच्छ.

"गेलं एकदाचं," मास्तर मनाशी म्हणाले, आणि कामाला निघून गेले.

बायकोला सांगितलं नाही, कारण ती डॉक्टरकडे नेणार, आणि त्या आठवड्यात दोन मोठ्या इमारतींची वार्षिक तपासणी होती. दिवसभर गच्चीवर उन्हात असतो, पाणी कमी प्यायलो असेन, असं त्यांनी ठरवून टाकलं. पुढचे आठ महिने त्यांनी असंच बरंच काही ठरवलं. पट्ट्याची दोन भोकं आत गेली ती दगदगीमुळे. डावी बाजू जड वाटते ती हत्यारांची पिशवी डाव्या खांद्याला असते म्हणून. मशीनरूमचा जिना चढल्यावर पाच मिनिटं बसावं लागतं ते वयामुळे. आणि हे वय जगापासून लपवण्यासाठी तेच मास्तर दर दुसऱ्या रविवारी न चुकता केसांना आणि मिशीला काळा रंग लावत होते.

मग एका तपासणी केंद्राची लिफ्ट पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई होत्या, आणि बाहेर त्यांची वाट बघणारे चौदा पेशंट. पोट फुगेस्तोवर पाणी पिऊन बसलेली ती माणसं एकेक मिनिट मोजत होती. मास्तर वर गेले, त्यांनी ब्रेक हातानं मोकळा केला आणि मोटारीचं चाक फिरवत लिफ्ट इंचाइंचानं मजल्याला लावली. हे काम त्यांनी हजार वेळा केलं होतं. या वेळी मध्ये तीनदा थांबावं लागलं.

खाली येऊन त्यांनी दार उघडलं. बाई बाहेर आल्या. आभार मानायच्या ऐवजी त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही आधी खाली बसा."

"मला काय झालंय?"

बाईंनी अंगठ्यानं त्यांची खालची पापणी ओढली. "कधीपासून एवढे पांढरे पडलाय?"

"धूळ असेल. लिफ्टच्या शाफ्टमध्ये फार धूळ असते."

"पापणीच्या आत धूळ बसत नाही," बाई म्हणाल्या, आणि चौदा माणसांच्या नजरा पाठीवर घेत त्यांनी लिफ्टवाल्याला सगळ्यांच्या आधी टेबलावर झोपवलं.

पोटाला गार जेल लागलं. उजव्या बाजूला बाई गप्पा मारत होत्या. मुलं किती, मुलगी काय करते, परगावी नोकरी म्हणजे घरी कधी येते. मग त्या डावीकडे वळल्या आणि बोलायच्या थांबल्या. मास्तरांना ही शांतता चांगली ओळखीची होती. पॅनल उघडून ते बिघाड शोधत असायचे तेव्हा मागे उभ्या असलेल्या सेक्रेटरीशी त्यांच्या इकडच्या तिकडच्या गप्पा चालायच्या, आणि बिघाड दिसला की तोंड बंद व्हायचं.

"सापडलं का?" मास्तरांनी विचारलं.

बाईंनी पडद्यावरून नजर न काढता म्हटलं, "हो."

काही नाही, किरकोळ आहे, असलं काही त्या बोलल्या नाहीत, याबद्दल मास्तरांनी त्यांना कायम मानलं. उपकाराची परतफेड मात्र जरा महागात पडली, असंही ते पुढे सांगायचे.

सीटी स्कॅनमध्ये कळलं की डाव्या किडनीत अकरा सेंटिमीटरची गाठ आहे आणि दोन्ही फुप्फुसांत मिळून सहा ठिपके. कॅन्सरच्या डॉक्टरांकडे तिघं गेले. मास्तर, त्यांची बायको आणि बायकोचा धाकटा भाऊ. बायको एका शाळेच्या ग्रंथालयात होती. फाटक्या पुस्तकांना कव्हरं घालणं आणि हरवलेल्या पुस्तकांचा पाठपुरावा करणं यात तिची पंचवीस वर्षं गेली होती. तिनं एक कोरी वही घेतली, तिला तपकिरी कव्हर घातलं आणि पहिल्या पानावर तारीख टाकली. मेहुण्यानं काही आणलं नव्हतं, कारण त्याला सगळं आधीच माहीत होतं. ज्यातलं त्याला कळत नाही असा विषय अजून कुणाला सापडला नव्हता.

डॉक्टर चाळिशीच्या होत्या, हळू आवाजात बोलायच्या आणि बोलता बोलता कागदावर चित्रं काढायच्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लघवीतून कधी रक्त गेलं होतं?"

मास्तरांनी घसा साफ केला. "एकदा. म्हणजे दोन दिवस. आठेक महिने झाले. मग आपोआप गेलं."

बायकोनं पेन खाली ठेवलं. तिनं मास्तरांकडे अशा नजरेनं पाहिलं, की एरवी पाच वर्षं पुस्तक परत न करणाऱ्यांच्याच वाट्याला ती नजर यायची. घरी जाताना ती फक्त एवढंच म्हणाली, "आपोआप गेलं. तुम्ही म्हणालात हे." त्यानंतर दोन दिवस ती बोलली नाही.

पण ते नंतर. आधी मेहुण्यानं सूत्रं हातात घेतली. "डॉक्टर, सरळ काढून टाका. एका किडनीवर माणूस आरामात जगतो."

"गाठ नुसती किडनीत असती तर मीही तेच सांगितलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी कागदावर घेवड्याच्या दाण्यासारखी किडनी काढली, वर दोन फुप्फुसं काढली आणि मधून एक रेघ नेली. "पण पेशी रक्तातून इथे पोचल्या आहेत. आता किडनी काढली तरी आजार अंगात राहणारच. शिवाय ऑपरेशनमधून सावरेपर्यंत औषध सुरू करता येणार नाही, आणि तेवढ्या वेळात हे ठिपके वाढू शकतात. अंगात रक्तही कमी आहे. म्हणून आधी औषध देऊ. गाठ कशी वागते ते बघू, आणि मग किडनीचं ठरवू."

"म्हणजे केमो," बायको म्हणाली. ती तयारीत होती. केस गळणार म्हणून तिनं मास्तरांसाठी दोन टोप्या विकतही घेतल्या होत्या, एक घरात घालायची आणि एक बाहेर.

"नाही. या कॅन्सरवर केमो फारसं चालत नाही."

बायकोनं वहीतली एक ओळ खोडली.

"पूर्ण बरा होतो का?" तिनं विचारलं.

"इथवर पसरल्यावर बहुतेकांचा पूर्ण जात नाही. पण बऱ्याच जणांचा आटोक्यात राहतो. काहींचा काही महिने, काहींचा काही वर्षं. यातले तुम्ही कोण, ते आज मला सांगता येणार नाही."

बाहेर आल्यावर मेहुणा म्हणाला, "भाऊजी, दुसरा डॉक्टर बघू. हिला तर काहीच माहीत नाही." मास्तरांचं मत नेमकं उलट होतं. पॅनल उघडायच्या आधी दुरुस्तीला किती वेळ लागेल ते छातीठोकपणे सांगणारा माणूस थापाड्या असतो, हे त्यांनी चौतीस वर्षांत पुरेपूर अनुभवलं होतं.

सुईनं गाठीचा तुकडा काढला. आठवड्यानं प्रकार कळला, आणि डॉक्टरांनी पुन्हा कागद पुढे ओढला. औषधं दोन प्रकारची होती. एक रोजची गोळी. गाठ आपल्यासाठी नव्या रक्तवाहिन्या उभ्या करते, त्यांची वाढ ती रोखते, म्हणजे गाठीची उपासमार करते. दुसरं औषध सलाइनमधून, दर काही आठवड्यांनी.

"आपल्या अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांनी अतिरेक करू नये म्हणून त्यांना ब्रेक असतो. कॅन्सर लबाड असतो, तो नेमका तो ब्रेक दाबून ठेवतो. हे औषध तो ब्रेक काढतं."

मास्तर खुर्चीत सरळ बसले.

"डॉक्टर, लिफ्टचा ब्रेक कसा असतो माहितीये तुम्हाला? वीज आहे तोवर तो उघडा राहतो. वीज गेली की स्प्रिंग तो आपोआप आवळते. म्हणजे काहीही बिनसलं की पहिलं काम थांबायचं. आणि तुम्ही म्हणताय, बिनसलंय म्हणून ब्रेक काढायचा."

"हो. अगदी हेच म्हणतेय."

"मग गाडी भलतीकडे गेली तर?"

"जाते कधीकधी. आतडं, लिव्हर, थायरॉइड, फुप्फुस, त्या पेशी कशावरही उलटू शकतात. म्हणूनच दर वेळी रक्त तपासायचं. जुलाब, दम, पुरळ, काहीही झालं तर त्याच दिवशी मला फोन करायचा. आपोआप थांबेल म्हणून वाट बघायची नाही."

शेवटचं वाक्य बायकोनं ठळक अक्षरांत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

औषधं सुरू झाली. पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात तळहात आणि तळपाय लाल होऊन सोलवटले. मास्तरांना स्क्रू ड्रायव्हर धरवेना, जिना चढवेना. रक्तदाब वाढला, त्याची एक गोळी आली. थायरॉइड मंदावलं, त्याची दुसरी आली. अन्नाला पुठ्ठ्याची चव लागू लागली. त्यातच मेहुण्यानं कुठूनसा एक हिरवा रस शोधून काढला. त्या रसानं तीन माणसं मरणाच्या दारातून परत आल्याचं त्याला खात्रीलायक समजलं होतं. रोज सकाळी तो बाटली घेऊन हजर व्हायचा. बायकोनं दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. गोळीशी त्याचं जमेल की नाही सांगता येत नाही, अजिबात देऊ नका, असं उत्तर मिळालं. तेव्हापासून ती रोज भावाकडून बाटली घ्यायची, "थँक्यू रे" म्हणायची आणि त्याची पाठ वळली की मोरीत ओतायची. भावाचं मन मोडायला नको, आणि नवऱ्याचं लिव्हरही.

हात चालेनात म्हणून कंपनीनं मास्तरांना तक्रारींच्या फोनवर बसवलं. मास्तर जन्मभर या फोनवाल्यांना हसत आले होते. लिफ्ट आतून कशी दिसते हे माहीत नसलेली ही माणसं दिवसभर एकच वाक्य म्हणतात, "घाबरू नका, माणूस निघालाय." आता ते वाक्य त्यांनाच म्हणावं लागत होतं.

एका दुपारी बारा मजली इमारतीतून फोन आला. एक म्हातारे गृहस्थ सातव्या आणि आठव्याच्या मध्ये अडकले होते. एकटेच. दुरुस्तीवाला गर्दीत अडकला होता, त्याला पाऊण तास तरी लागणार होता.

"मला श्वास घेता येत नाहीये," गृहस्थ म्हणाले. "हवा संपत आलीये."

"हवा संपत नाही आजोबा. वरच्या बाजूला झरोके आहेत. मी स्वतः मोजलेत."

"दोर तुटला तर?"

"एक दोर नाही, चार आहेत. एकावरसुद्धा लिफ्ट धरून राहते. तुम्ही खाली बसा, भिंतीला टेकून."

खाली बसल्याचा आवाज आला. मग, "तुम्हाला काय जातंय सांगायला. तुम्ही बाहेर आहात."

मास्तरांना काय वाटलं कोण जाणे. ते म्हणाले, "तसा मीही अडकलोय. मला किडनीचा कॅन्सर आहे. फुप्फुसात गेलाय."

गृहस्थांचा श्वास एकदम ऐकू येईनासा झाला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं मान वळवून पाहिलं.

"मग तुम्ही कामावर कसे?" गृहस्थांनी विचारलं.

"घरी बसून तो जाणार आहे का?"

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण सहा वाजेपर्यंत ड्यूटी आहे."

यावर गृहस्थ हसले. मग त्यांनी आपल्या बायकोबद्दल सांगितलं. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. तिला पोटाचा कॅन्सर होता, आणि सगळ्यांनी मिळून तो तिच्यापासून लपवला होता. "तिला कळलं होतं," गृहस्थ म्हणाले. "तिला कळलंय हे मला कळलं होतं. तरी आम्ही दोघं शेवटपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारत राहिलो." पन्नास मिनिटांनी दार उघडलं. दुरुस्तीवाल्यानं नंतर तक्रार केली, की आजोबा बाहेर यायला तयार नव्हते, त्यांचं बोलणं संपायचं होतं.

त्या दिवसापासून मास्तर फोनवर रमले. कधी घरचं विचारत, कधी लिफ्टच्या पोटातली माहिती देत, आणि प्रकरण अगदीच हाताबाहेर चाललं तर कॅन्सर काढत. त्याला तोड नव्हती. समोरचा माणूस आपली भीती विसरून त्यांचीच समजूत घालायला लागायचा.

त्याच सुमारास त्यांचे केस पांढरे झाले. गळले नाहीत, एकही नाही. त्या गोळीनं रंग उडतो. डोकं, मिशी, भुवया, सगळं कापसासारखं. कातडी नाजूक झालीये, रंग लावायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. चार महिने उपचार चालू असताना शेजारीपाजारी "छान दिसताय हो" म्हणायचे. केस पांढरे होताच त्यांना एकदम मास्तर आजारी असल्याचा साक्षात्कार झाला. बसमध्ये लोक उठून जागा देऊ लागले. दोन्ही टोप्या कपाटात होत्या, त्यातली बाहेर घालायची मास्तर आता लपण्यासाठी घालू लागले.

पहिला मोठा स्कॅन झाला. अकराची गाठ आठावर आली होती. सहातले चार ठिपके दिसेनासे झाले होते, उरलेले दोन बारीक झाले होते. डॉक्टर पहिल्यांदाच मोकळं हसल्या. मेहुण्यालाही गहिवरून आलं. "मी म्हटलं नव्हतं भाऊजी, रस म्हणजे रस." मोरी किती स्वच्छ झालीये हे सांगायचा मोह बायकोनं आवरला. मेहुण्यानं मात्र त्याच आठवड्यात आणखी दोन ओळखीच्या पेशंटांना रस सुचवला. तेव्हा तिचा नाइलाज झाला. तिनं त्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि काय खरं ते सांगून टाकलं. तो आठ दिवस फिरकला नाही. नवव्या दिवशी आला तो फळं घेऊन, आणि डॉक्टरांना विचारून आणल्याचं त्यानं दारातच जाहीर केलं.

सातव्या महिन्यात ब्रेक नसलेली गाडी खरंच भलतीकडे गेली. मास्तरांना जुलाब सुरू झाले. गोळीनं अधूनमधून होतातच, असं म्हणत त्यांनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं मोजलं, अकरा वाजेपर्यंत आठ वेळा. तिनं त्यांना काही विचारलं नाही. वही उघडून दोन रेघा मारलेलं वाक्य काढलं आणि डॉक्टरांना फोन केला. दुपारी मास्तर हॉस्पिटलात होते. कॅन्सरवर सोडलेल्या पेशी आतड्यावर उलटल्या होत्या. स्टेरॉइडची मोठी मात्रा सुरू झाली, दोन्ही औषधं बंद. "आणखी एक दिवस थांबला असतात तर जड गेलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. मास्तर बायकोकडे बघत म्हणाले, "मी थांबलोच होतो."

अडीच आठवड्यांनी ते घरी आले तेव्हा हडकलेले होते, आणि स्टेरॉइडमुळे चेहरा तेवढा फुगलेला. औषध थांबलंय ही बातमी कंपनीत पोचली, आणि औषध थांबलं म्हणजे काय, याचा अर्थ ज्यानं त्यानं आपापला लावला. निवृत्तीला अजून बरेच महिने होते, पण साहेबांनी निरोप समारंभ घाईनं उरकायचं ठरवलं. उगाच उशीर नको, असं ते कुणाला तरी म्हणाल्याचं मास्तरांच्या कानावर आलं.

समारंभाला पंचेचाळीस माणसं जमली. मास्तर पहिल्या रांगेत बसले होते. प्रत्येक वक्ता उभा राहिला की आधी त्यांच्याकडे आणि मग जमिनीकडे बघायचा. "मास्तर म्हणजे शिस्तीचे माणूस होते," पहिला म्हणाला. "त्यांच्यासारखा माणूस पुन्हा होणे नाही," दुसरा. साहेब म्हणाले, "आज मास्तर आपल्यात नाहीत," आणि दचकून, "म्हणजे उद्यापासून नसतील. कामावर. कामावर म्हणतोय मी." मास्तर एकटेच हसले. शेवटी त्यांना त्यांचाच एक मोठा फोटो चौकटीत घालून देण्यात आला. बायकोनं तो घरी नेला, कपाटामागे तोंड भिंतीकडे करून ठेवला आणि त्यावर कधी चर्चा झाली नाही.

पण माणसं आपल्याबद्दल इतकं चांगलं बोलतात हे कळून मास्तरांना जरा बरं वाटलं, हे खरं. काही भाषणं थोडी लांबली असती तरी चाललं असतं, असंही त्यांना वाटून गेलं.

दोन महिन्यांनी स्कॅन झाला. औषध बंद असूनही गाठ वाढली नव्हती. उलट साडेसहावर आली होती. डॉक्टरांनी दोनदा मोजून घेतली. "तुमच्या पेशी एकदा जाग्या झाल्या त्या अजून जाग्याच आहेत, असं दिसतंय," त्या म्हणाल्या. "असं होतं काहींच्या बाबतीत. का होतं, ते नीट माहीत नाही." मास्तरांना पुन्हा एकदा त्या आवडल्या.

कंपनीत मात्र पंचाईत झाली. ज्याला एवढ्या इतमामानं निरोप दिला तो रोज सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला दिसू लागला. ज्यांनी भाषणं केली होती ते रस्ता बदलायचे. इकडे फोनवरच्या नव्या माणसानं अडकलेल्या एका वकिलीणबाईंना "कटकट करू नका" असं सांगितलं होतं, आणि प्रकरण वरपर्यंत गेलं होतं. शेवटी साहेबांचा फोन आला. ते बराच वेळ तब्येतीचीच चौकशी करत राहिले.

"साहेब, लिफ्ट अडकलीये का कुठे?" मास्तरांनी विचारलं.

"तसंच समजा," साहेब म्हणाले. "आठवड्यातून तीन दिवस जमेल?"

मास्तरांना जमलं.

वर्ष उलटल्यावर किडनीचा विषय पुन्हा निघाला. आता फुप्फुसात फारसं काही उरलं नव्हतं, रक्त भरून आलं होतं, आणि सर्जन म्हणाले, आता काढायला हरकत नाही. मेहुणा म्हणाला, "हेच मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं." ते खरंच होतं. फक्त पहिल्या दिवशी ते चूक होतं आणि आता बरोबर. ऑपरेशन पाच तास चाललं. काढलेल्या गाठीचा बराचसा भाग मेलेला निघाला. थोडा जिवंत होता. त्या थोड्यासाठी कमी मात्रेत गोळी पुन्हा सुरू झाली. मधल्या सुट्टीत मुळाशी काळेकरडे उगवलेले केस पुन्हा पांढरे होऊ लागले, आणि मास्तरांच्या डोक्यावर पट्टे उमटले. नीट बघितलं असतं तर औषध केव्हा थांबलं आणि केव्हा सुरू झालं, सगळं त्या केसांवर वाचता आलं असतं.

तिसऱ्या वर्षी उजव्या फुप्फुसातला एक ठिपका हलला. हलला म्हणजे वाढला, पण मास्तर असंच म्हणायचे. तेवढ्याच जागेवर किरणं दिली, पाच बैठका. तो बसला. दुसरा कधी उठेल याचा नेम नाही, हे डॉक्टर दर वेळी सांगतात आणि मास्तर दर वेळी मान डोलावतात. तीन महिन्यांचा स्कॅन जवळ आला की आठवडाभर त्यांना झोप लागत नाही. बायको वही चाळत बसते. ती आता तिसरी वही आहे.

चौथ्या वर्षी बायको बहिणीकडे गेली, एका आठवड्यासाठी. या आजारपणात ती पहिल्यांदाच मास्तरांना सोडून राहणार होती. जायचं की नाही यावर महिनाभर खल झाला, कारण नेमका त्याच आठवड्यात स्कॅनचा रिपोर्ट यायचा होता. शेवटी मास्तरच म्हणाले, "रिपोर्ट वाचायला दोन माणसं कशाला लागतात?" ती गेली. जाताना फ्रिजवर तीन चिठ्ठ्या लावून गेली.

बुधवारी मास्तर एकटेच डॉक्टरांकडे गेले. मेहुणा येतो म्हणाला होता, त्याला त्यांनी वेळ चुकीची सांगितली. डॉक्टरांनी जुने आणि नवे फोटो शेजारी शेजारी लावले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "जैसे थे."

बाहेरच्या बाकावर बसून मास्तरांनी बायकोला फोन लावला. तिकडे गलका चालला होता. बहिणी बहिणी पत्ते खेळत होत्या, आणि डाव रंगात आला होता.

"अगं, रिपोर्ट आला."

"मग?"

"तसाच आहे. काही बदल नाही."

"बरं," बायको म्हणाली. मागून कुणीतरी तिला पान टाक म्हणून घाई करत होतं. "बरं झालं. जेवलात का? नसाल तर जेवून घ्या. आणि ऐका, मी जरा नंतर करते फोन, मला पान टाकायचंय."

फोन बंद झाला. मास्तरांना भूक लागल्याचं जाणवलं, आणि ते जेवायला कुठे जावं याचा विचार करत उठले.